पाद्रीसाहेबांची दोन पानं

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका जुन्या शाळेची स्मरणिका निघाली. शाळा मूळची मिशनची. मी मराठीचा निवृत्त शिक्षक, म्हणून पूर्वेतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यात मी दोन पानं मिशनऱ्यांवर लिहिली. समितीच्या बैठकीत ती वाचून दाखवली तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "बाटवाबाटवीचा इतिहास आपल्या स्मरणिकेत कशाला? काढून टाका." दुसरे तितक्याच तळमळीने म्हणाले, "ज्यांनी आपल्याला शहाणं केलं त्यांच्या चुका तुम्ही मोजताय? त्यांचा फोटो पहिल्या पानावर हवा." वाद वाढला. शेवटी सर्वांच्या सोयीचा मार्ग निघाला आणि दोन्ही पानं गळली. आता छापील स्मरणिकेत शाळेच्या जन्माचं एकच वाक्य आहे, अमुक साली शाळा स्थापन झाली. कोणी काढली, कशासाठी काढली, पैसा कुठून आला, गावाने तेव्हा काय केलं, यातलं काही नाही. पहिल्या पावसानंतर अळंबी उगवावीत तशी शाळा उगवली असं पुढच्या पिढीला वाटेल.

मला वाईट वाटलं ते माझं लिखाण गेलं म्हणून नव्हे. त्या बैठकीत बोलणाऱ्या दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती, की मिशनरी आले आणि त्यांनी आपलं काहीतरी केलं. एकाच्या मते बिघडवलं, दुसऱ्याच्या मते घडवलं. दोन्हीकडे आपण मातीचा गोळा आणि ते कुंभार. माझं म्हणणं याच्या उलट आहे. कोकणातल्या माणसाने या पाद्र्यांना नीट पारखलं, त्यांच्याशी भांडण केलं, त्यांच्याकडून हवं ते घेतलं, नको ते परत केलं. त्या घेण्यादेण्यात आपली हुशारी दिसते, आपला कोतेपणाही दिसतो. म्हणून हा इतिहास आपला आहे आणि तो आपणच लिहायला हवा.

आधी एक गफलत दूर करायला हवी. आपल्याकडे पाद्री म्हटलं की डोळ्यांपुढे पोर्तुगीज येतात. विहिरीत पाव टाकून आख्खं गाव बाटवल्याच्या गोष्टी वसईपासून गोव्यापर्यंत ऐकू येतात. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, देवळं पाडली गेली, माणसं मूर्ती डोक्यावर घेऊन रातोरात खाड्या ओलांडून गेली. ते दुःख खरं आहे, त्याला कोणी खोटं म्हणू नये. पण ती राजसत्ता कॅथलिक होती आणि धर्मप्रसार हे तिथे सरकारी काम होतं. प्रॉटेस्टंट मिशनरी मराठी मुलखात आले ते वेगळ्या काळात आणि वेगळ्या परिस्थितीत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. धर्माच्या भानगडीने रयत बिथरेल आणि व्यापार बसेल अशी कंपनीला धास्ती होती. अर्जविनंत्या करून ते कसेबसे टिकले. याचा अर्थ ते सत्तेबाहेरचे साधू होते असा नाही. १८१८ नंतर मुलखावर इंग्रजांचं निशाण होतं आणि त्या निशाणाची सावली या लोकांवर होतीच. कोणी अंगावर धावून गेलं तर कलेक्टरची कचेरी कोणाच्या बाजूने उभी राहील हे गावाला ठाऊक होतं. तरीही तलवारीच्या धाकाने बाटवणारा आणि चव्हाट्यावर उभा राहून वाद घालणारा, यांत फरक आहे. तो केला नाही तर आपण विचार करत नाही, फक्त घाबरतो.

स्कॉटलंडचे मिशनरी कोकणात पहिल्यांदा आले ते बाणकोटला, १८२३ साली. पुण्याला जायची त्यांची इच्छा होती, पण पेशवाई बुडून पाचच वर्षं झाली होती आणि पुण्यात पाद्री पाठवायची सरकारची तयारी नव्हती. म्हणून सावित्रीच्या मुखावरचं हे बंदर वाट्याला आलं. वेसवीहून फेरीबोटीने बागमांडल्याला जाताना बाणकोटचा जांभ्याचा किल्ला दिसतो. इंग्रज त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. मी त्या बोटीत अनेकदा उभा राहिलो आहे, आणि दर वेळी डोनाल्ड मिचेल आठवतो. त्यांच्यातला तो पहिला. आला त्याच वर्षी वारला. त्याच्यामागून जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन आले, १८२७ मध्ये रॉबर्ट नेस्बिट आला. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची दोन ठाणी. पावसाळ्याचे चार महिने, हिवताप, पटकी, आणि घरचं पत्र यायला सहा सहा महिने. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. नेस्बिटही १८५५ मध्ये मुंबईत पटकीनेच गेला. हाल सोसले म्हणून माणूस बरोबर ठरत नाही, हे मान्य. पण हे लोक पोटासाठी आले नव्हते एवढं तरी त्यावरून कळतं.

या ठाण्यांवर त्यांनी पहिलं काम केलं ते विद्यार्थी होण्याचं. ही गोष्ट आपण विसरतो. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला बाणकोट-हर्णैकडे आले. ओटीवर बसून एखादा शास्त्री त्यांच्याकडून विभक्त्या घोकून घेत असेल, आणि ळ आणि ण यांवर त्या स्कॉटिश जिभा अडखळत असतील. म्हणजे कोकणात पाद्री आधी शिष्य झाला, मग गुरू. त्यांच्या गावठी शाळांतले पंतोजीही इथलेच, बहुतेक ब्राह्मण. ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली मुलांकडून पाठ करून घ्यायची, महिन्याचा पगार घ्यायचा आणि घरी जाऊन संध्या करायची, असा त्या पंतोजींचा दिनक्रम होता. त्याला कोणी ढोंग म्हणेल. मी म्हणणार नाही. अक्षर आणि अंक शिकवण्याचे पैसे मिळत होते, मुलं वाचायला लागत होती, आणि पाठ केलेल्या उत्तरांनी कोणाचा देव बदलत नाही हे त्या पंतोजीला पाद्र्यापेक्षा जास्त कळत होतं.

तसंच झालं. धर्मांतराच्या हिशेबाने बाणकोट आणि हर्णै ही ठाणी अयशस्वी ठरली. काही वर्षांत मंडळी मुंबई-पुण्याकडे सरकली. पण इथे शिकलेलं मराठी त्यांनी बरोबर नेलं आणि ते कामाला आलं. नेस्बिटच्या मराठीची त्या काळी ख्याती होती. स्टीव्हन्सनने मराठीचं व्याकरण लिहिलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, तिला मराठी भाषेवरचा प्रदीर्घ निबंध जोडला तो जॉन विल्सननेच. मोल्सवर्थ स्वतः मिशनरी नव्हता, लष्करी अधिकारी होता, आणि त्याच्या कोशामागे शास्त्रीमंडळींचे वर्षानुवर्षांचे कष्ट होते. आज पावणेदोनशे वर्षांनीही मराठीतला एखादा शब्द अडला की आपण तोच कोश उघडतो. मार्गारेट विल्सनने मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, आणि १८३५ मध्ये ती गेली तेव्हा तिची चाळिशीही पुरी झाली नव्हती. बाणकोटचा जेम्स मिचेल पुढे पुण्याला गेला. त्याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत १८४१ पासून ज्योतीराव फुले शिकले. बाणकोटच्या खाडीतून निघालेली ती वाट कुठे जाऊन पोचली ते यावरून दिसतं. पाद्र्यांनी फुले घडवले असं म्हणणं मात्र मला पटत नाही. ज्योतीरावांनी त्या शाळेतून इंग्रजी घेतलं, समतेचा विचार पारखून घेतला, आणि बाप्तिस्मा घेतला नाही. पुढे सार्वजनिक सत्यधर्माचं पुस्तक त्यांनी स्वतःच्या अकलेने लिहिलं.

आता कडू भाग. हे लोक आपल्या धर्माबद्दल काय बोलत होते ते झाकून ठेवायचं कारण नाही. विल्सनने १८३२ मध्ये हिंदू धर्माचं पितळ उघडं पाडण्यासाठी म्हणून पुस्तक लिहिलं. पुराणांतल्या गोष्टी एकेक काढून त्यांची टर उडवायची, मूर्तीला दगड म्हणायचं, ही त्यांची रीत होती. दुसऱ्याच्या देवघरात जोड्यासह शिरण्याचा तो प्रकार होता. ज्या माणसांनी आपली भाषा इतक्या प्रेमाने शिकली त्यांनीच तिच्यातून आपल्याला इतकं टोचावं, याचा मला अजूनही राग येतो. तुकोबाची गोडी पुढच्या पिढ्यांतल्या काही मिशनऱ्यांना कळली. जस्टिन ॲबटसारख्याने आयुष्याची उत्तरार्धातली वर्षं मराठी संतांची चरित्रं आणि कवनं इंग्रजीत नेण्यात घालवली. पण पहिल्या पिढीला ही दृष्टी नव्हती.

मात्र आपले लोक ऐकून गप्प बसले नाहीत, आणि माझ्या त्या दोन पानांतला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटत होता. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी मुंबईत विल्सनशी जाहीर वाद केला आणि नंतर आपली बाजू छापली. त्यांना उत्तर म्हणूनच विल्सनचं ते पुस्तक निघालं. पुढे १८५७ च्या पहिल्या सहामाहीत, उत्तरेत बंडाचा वणवा पेटण्याच्या सुमारास, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी समोरासमोर उभे राहिले. विष्णुबुवा म्हणजे कुलाबा, आताच्या रायगड, जिल्ह्यातल्या शिरवलीचे विष्णू भिकाजी गोखले. त्यांच्यासमोर जॉर्ज बोवन होता, मुंबईच्या गरीब वस्तीत गरिबासारखा राहणारा अमेरिकन. वाळूत हजारो माणसं जमत. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. दोन्ही बाजूंनी हे वाद नंतर छापून आले, बोवनने तर इंग्रजीत स्वतःच छापले. परधर्मीयाने आपल्या धर्मावर घाला घातला असताना काठी न उगारता युक्तिवादाने उत्तर देणारा हा कोकणचा माणूस आज आपल्या किती मुलांना माहीत आहे? मिशनऱ्यांची पानं गाळली की विष्णुबुवाही त्यांच्याबरोबर गळतात. समोरचा पहिलवान नाही म्हटल्यावर कुस्ती कसली?

याच वादांतून एक मर्यादा मला स्पष्ट दिसते. ज्याला वाद घालता येतो, उलट बोलता येतं, उठून जाता येतं, त्याच्यापुढे कोणीही आपला धर्म मांडावा. त्यात मला आक्षेपार्ह काही वाटत नाही. लहान मूल आणि अंथरुणावरचा रोगी यांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे मिशनऱ्यांच्या हातून चूक झाली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री हा कोवळ्या वयाचा मुलगा मुंबईत मिशनऱ्यांच्या घरी राहिला. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता. बाप कोर्टात गेला, आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. माझ्या मते कोर्टाने योग्य तेच केलं. पण खरी परीक्षा त्यानंतर होती आणि ती आपली होती. बाटलेल्या घरात राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही? देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण'कार, यांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं अशी बाजू धरली. सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. मुलाला पळवणारे आणि मुलाला परत घ्यायला नाकारणारे, यांत त्या पोरावर जास्त अन्याय कोणी केला, हा प्रश्न मी वर्गात मुलांना विचारत असे. उत्तर कधीच एकमुखाने आलं नाही.

घेण्याची आणि नाकारण्याची सर्वांत सुंदर गोष्ट मात्र बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, आहे. नवगाव-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या आसपासच्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, म्हणून शनवार तेली म्हटली जाणारी ही माणसं. घरात मराठी बोलायची, पाव्हण्याला आपल्यासारखंच 'या, बसा' म्हणायची. शेकडो वर्षांत त्यांची हिब्रू सुटली होती. मिशनऱ्यांना वाटलं, जुना करार ज्यांचा आहेच त्यांना नव्या करारापर्यंत न्यायला कितीसा वेळ लागणार? म्हणून विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं, शाळा काढल्या, मराठीत बायबलचे भाग छापून दिले. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतल्या, मराठी जुना करार घेतला, आणि त्यांच्या आधाराने ते आधीपेक्षा पक्के यहुदी झाले. ख्रिस्ती झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची मराठी कीर्तनं रचली, टाळ-मृदंगावर, अगदी हरदासी थाटात. पाद्र्याचं पुस्तक आणि हरदासाची चाल घेऊन त्यांनी आपला धर्म सांभाळला. कोकणच्या मातीतली ही अक्कल आहे आणि तिचा मला विलक्षण अभिमान वाटतो.

हीच गोष्ट छापखान्यांची. अमेरिकन मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात मराठी टाइप घडले, कशासाठी, तर येशूचं चरित्र छापायला. ते काम पाहून गणपत कृष्णाजींनी छापखाना काढला आणि पंचांग छापलं. जावजी दादाजी लहान वयात त्याच मिशनच्या छापखान्यात कामाला लागले आणि १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर काढला. पुढची कैक वर्षं संस्कृत ग्रंथांची सर्वांत शुद्ध आणि देखणी छपाई म्हणजे निर्णयसागर. वेद, पुराणं, काव्यं घराघरांत पोचली ती मिशनच्या छापखान्यात शिकलेल्या हातांनी.

आणि दापोली. कॅम्प दापोलीत इंग्रजी चर्चच्या मिशनने चालवलेल्या हायस्कुलातून १८९७ मध्ये एक मुलगा मॅट्रिक झाला, पांडुरंग वामन काणे. धर्मशास्त्राचा इतिहास हजारो पानांत लिहून काढणारे, १९६३ मध्ये भारतरत्न झालेले महामहोपाध्याय ते हेच. पालगडचे साने गुरुजीही दापोलीच्या मिशनच्या शाळेत शिकले. एकाने हिंदू धर्मशास्त्राचा शेवटचा शब्द म्हणावा असा ग्रंथ दिला. दुसऱ्याने १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठोबाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून प्राण पणाला लावले. मिशनच्या शाळेत गेलं की पोर बाटतं असं म्हणणाऱ्यांनी या दोघांपुढे बसून ते म्हणून पाहावं.

माझे पणजोबा अशाच एका मिशनच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत. आजोबा सांगायचे, शाळेतून आले की ते थेट विहिरीवर जायचे, अंगावरून पाणी घेतल्याशिवाय ओटीवरून माजघरात पाऊल टाकायचे नाहीत. पाद्रीसाहेबाशी हस्तांदोलन झालेलं असायचं. लहानपणी मला ही गोष्ट मोठी अभिमानाची वाटे. पगार साहेबाचा, पण आचार आपला. पुढे वय वाढलं तसं दुसरं काही दिसायला लागलं. हीच आंघोळ ते गावच्या महारवाड्यातल्या माणसाची सावली पडली तरी करत असत. साहेबाचा धर्म नाकारताना साहेबाने जातीवर ठेवलेलं बोटही त्यांनी त्याच पाण्याने धुऊन टाकलं होतं.

इथे आपलं नाकारणं चुकलं. मिशनऱ्यांच्या टीकेत पुराणांची टवाळी होती तसा जातिभेदावरचा घाव होता. टवाळी फेकून घाव ठेवून घ्यायला हवा होता. तो फुल्यांनी घेतला, आमच्यासारख्या घरांनी घेतला नाही. मिशनऱ्यांचं स्वतःचं वर्तनही इथे निर्मळ नव्हतं. आधी ब्राह्मण मिळवावेत म्हणजे बाकीचे आपोआप येतील, या हिशेबाने पहिल्या पिढीने वरच्या जातींच्या मागे वर्षं घालवली. कोकणातल्या महार माणसाला अक्षर मिळालं ते मुख्यतः पलटणीच्या शाळांतून. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे, पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं आणि धर्माच्या ठेकेदारांना त्यांच्याच शास्त्रांतून सव्वीस प्रश्न विचारले असं सांगतात. प्रश्नांची संख्या सोडून द्या, एकाचंही उत्तर कोणी धड दिलं नाही. ज्या कॅम्प दापोलीत माझ्या पणजोबांसारखे लोक विहिरीवर आंघोळ करत होते, त्याच दापोलीत हे प्रश्न विचारले जात होते. या दोन गोष्टी एकाच पानावर छापल्या पाहिजेत असं मी समितीत म्हणालो, तेव्हा दोन्ही तटांची मंडळी एकदम माझ्या विरुद्ध झाली.

आणखी एका माणसाबद्दल आपण बोलत नाही, तो म्हणजे खरोखर ख्रिस्ती झालेला कोकणी माणूस. त्याला बाटगा म्हटलं की आपलं काम संपतं. दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांना कोणी पावाचा तुकडा दाखवला नव्हता. शोधत, वाचत, तळमळत ते तिथवर गेले आणि त्यांनी त्याची पुरती किंमत मोजली. घर तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, नातलगांनी पाठ फिरवली. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त हे सगळं इतक्या निर्मळपणे आलं आहे की मराठीत त्या तोडीचं आत्मचरित्र मला दुसरं ठाऊक नाही. आणि ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी काय केलं? अभंग आणि ओवीत ख्रिस्ताचे गोडवे गायले, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो असं मानलं, आणि शेवटी १९१७ मध्ये मिशनची चाकरीच सोडली, कारण परक्यांच्या पगारावरचा धर्म त्यांना नकोसा झाला. म्हणजे धर्म स्वीकारणाऱ्यानेही मिशन नाकारलं. अशा माणसाला फसवला गेलेला म्हणणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. माझ्या पणजोबांचा नकार जितका त्यांचा स्वतःचा, तितका टिळकांचा होकार त्यांचा स्वतःचा.

रोग्याचा प्रश्न मी मघाशी अर्धा सोडला. माझी सासुरवाडी वेंगुर्ल्याकडची. तिकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल होतं, लोकांच्या तोंडी नुसतं 'मिशन'. डॉक्टर गोहीन या नावाने तिथली एक पिढी वाढली. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला. मुंबईला जायचं तर बोटीशिवाय वाट नव्हती, त्या काळात सावंतवाडी संस्थानातले आणि गोव्याकडचे रोगी बैलगाडीतून, डोलीतून या दवाखान्यात येत. पत्नीच्या आजीचं पोटाचं ऑपरेशन तिथलं. मिशनच्या दवाखान्यांत सकाळी प्रार्थना व्हायची, रोग्याने ती ऐकायची. मला ते बरं वाटत नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढे प्रवचन करू नये. आजीला मी एकदा याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मिशनातल्या दाक्तरान माका वाचयल्यान. तेंचा गाणा मी आयकलंय. पण देव माझो रवळनाथच." माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा तिचा विश्वास पक्का होता, हे मला मान्य करावं लागलं. तरी माझा आक्षेप मी मागे घेत नाही. आजी खंबीर होती, सगळेच रोगी तसे नसतात.

मग करायचं काय? माझी मागणी साधी आहे. कोकणातल्या ज्या शाळा, दवाखाने, छापखाने मिशनने काढले, त्यांच्या इतिहासात तसं स्वच्छ लिहावं. त्याच पानावर त्यांनी आपल्या देवांबद्दल काय बोललं तेही लिहावं, आपण काय उत्तर दिलं तेही, आणि कुठे उत्तर द्यायचं टाळलं तेही. तालुक्यांच्या जुन्या दफनभूमींत गवत माजलं आहे, पाट्या फुटल्या आहेत. तिथे कोणी माळ घालावी असं मी म्हणत नाही, गवत काढून नावं वाचून ठेवावीत, एवढंच. पंतोजींचे, शास्त्र्यांचे मोडीतले कागद अजून घराघरांत माळ्यावर आहेत. दर पावसाळ्यात त्यांतले काही वाळवी खाते. मिशनचे अहवाल परदेशातल्या ग्रंथालयांत नीट जपलेले आहेत. म्हणजे पन्नास वर्षांनी या काळाबद्दल लिहायचं म्हटलं तर पाद्र्याचा आवाज मिळेल आणि पंतोजीचा मिळणार नाही. ज्यांना मिशनऱ्यांचा राग आहे त्यांनी तरी निदान हे थांबवावं.

आमच्या माळ्यावर पणजोबांचा मोल्सवर्थ आहे, १८५७ च्या आवृत्तीचा, कसर लागलेला, पुठ्ठा सुटलेला. स्मरणिकेचं प्रकरण झाल्यावर तो मी खाली काढला. मोडी वाचणाऱ्या एका तरुण मित्राला घेऊन तीन रविवार बसलो. समासात जागोजाग बारीक मोडी अक्षरं आहेत. बहुतेक शेरे कोकणातल्या शब्दांपाशी आहेत. कुठे आणखी एक अर्थ जोडला आहे, कुठे कोशात नसलेला शब्दच शेजारी लिहिला आहे, आणि एका ठिकाणी, शाई जरा गडद आहे तिथे, एवढंच आहे: "हें चुकलें. आमचेकडे असें म्हणत नाहींत."